नोट की लिएट? निबेलुंगेनलीडच्या तीन पोथ्या आणि एका संपादकाची निवड

निबेलुंगेनलीड हे मध्ययुगीन जर्मन साहित्यातलं सर्वांत गाजलेलं काव्य. त्याची शेवटची ओळ सांगते की कथा इथे संपली, आणि मग कथेचं नाव घेते. झांक्ट गालेनच्या पोथीत ते नाव आहे ‘निबेलुंगांची नोट’. नोट म्हणजे संकट, सर्वनाश. कार्ल्सरूहच्या पोथीत त्याच जागी ‘लिएट’ आहे, म्हणजे गीत. एका पोथीत काव्याची सांगता विनाशाने होते, दुसरीत गाण्याने. आज सगळं जग हे काव्य ‘लीड’ (‘लिएट’चंच आजचं रूप) म्हणून ओळखतं, पण विद्यापीठांत वाचली जाणारी त्याची छापील संहिता बहुधा ‘नोट’वर संपते. नाव एका पोथीचं, मजकूर दुसरीचा. असं का झालं, हे शोधायला गेलं की जर्मन पाठचिकित्सेचा दीडशे वर्षांचा इतिहास उलगडतो आणि त्याचा एक धागा थेट पुण्यात येऊन पोचतो.

कथा थोडक्यात सांगायला हवी, नाहीतर पुढचा वाद समजणार नाही. बुर्गुंड राजांची बहीण क्रीमहिल्ड हिचा नवरा सीगफ्रीड याला हागेन हा त्या राजांचा सरदार कपटाने झऱ्यावर भाल्याने मारतो आणि सीगफ्रीडचा खजिना ऱ्हाईन नदीत बुडवतो. क्रीमहिल्ड पुढे हूणांचा राजा एट्सेल याच्याशी लग्न करते, भावांना आपल्या घरी बोलावते, आणि त्या मेजवानीत दोन्ही बाजूंचे जवळजवळ सगळे वीर मरतात. शेवटी हागेन आणि तिचा भाऊ गुंथर एवढेच कैदी उरतात. ती हागेनला खजिन्याची जागा विचारते. तो म्हणतो, माझ्या स्वामींपैकी एकजण जरी जिवंत असेल तरी सांगणार नाही. ती भावाचं शिर उडवून आणते. हागेन म्हणतो, आता ते फक्त देवाला आणि मला ठाऊक. मग ती सीगफ्रीडच्याच तलवारीने त्याला मारते, आणि हे न साहून हिल्डेब्रांड हा म्हातारा योद्धा तिला मारतो.

दोषी कोण? उत्तर तुमच्या हातात कोणती पोथी आहे यावर अवलंबून आहे. काव्य 1200 च्या सुमाराला, डॅन्यूबकाठच्या पास्साउच्या परिसरात रचलं गेलं असावं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. कवीने आपलं नाव कुठेच सांगितलेलं नाही, आणि कवीच्या हातची प्रतही उरलेली नाही. पूर्ण पोथ्या आणि तुकडे मिळून तीन डझनांच्या आसपास साक्षीदार आहेत, पण खरा खटला तिघींचा: म्युनिकची ‘अ’, झांक्ट गालेनची ‘ब’ आणि आता कार्ल्सरूहला असलेली ‘क’. तिन्ही तेराव्या शतकातल्या, चर्मपत्रावर लिहिलेल्या. ‘अ’मध्ये 2316 कडवी आहेत, ‘ब’मध्ये त्याहून सुमारे 60 जास्त, आणि ‘क’मध्ये ‘ब’पेक्षाही आणखी साठेक.

‘क’ची जादा कडवी निरुपद्रवी नाहीत. शेवटच्या प्रसंगात तिथे एक कडवं आहे, जे बाकीच्या दोघींत नाही. त्यात सांगितलंय की हागेनला पक्कं माहीत होतं, क्रीमहिल्ड आपल्याला सोडणार नाही. त्याला भीती ही होती की आपल्याला मारून झाल्यावर ती भावाला मात्र घरी जाऊ देईल. याहून मोठा विश्वासघात कोणता, असं ‘क’ विचारते. हे एक कडवं मधे आलं आणि खजिन्याचा तो थोर, हट्टी नकार आपल्याच राजाला ठार करवण्याचा डाव ठरला. इतरत्रही ‘क’ क्रीमहिल्डची बाजू घेते: तिला फक्त एका हागेनचा जीव हवा होता, बाकीचं आपसूक घडत गेलं. तेच काव्य, तीच माणसं, आणि पापाचं ओझं एका खांद्यावरून दुसऱ्यावर. कोणती पोथी छापायची ही निवड हिशेबनिसाचं काम नाही, एवढं या एका उदाहरणावरून पुरेसं कळावं.

वाड्यातल्या दोन पोथ्या

‘क’ ही पोथी उजेडात आली 1755 मध्ये. लिंडाउचा वैद्य याकोब हेर्मान ओबेराइट याला आजच्या ऑस्ट्रियातल्या होएनएम्सच्या सरदारांच्या ग्रंथसंग्रहात ती सापडली. झ्युरिकचा साहित्यिक योहान याकोब बोडमर याने 1757 मध्ये तिच्यातला शेवटचा भाग, म्हणजे क्रीमहिल्डचा सूड, तेवढाच छापला. सुरुवातीचा सीगफ्रीडचा भाग त्याने गाळला.

पुढे पूर्ण काव्य छापायचं ठरलं तेव्हा बोडमरने होएनएम्सकडून पोथी पुन्हा मागवली. वाड्यातून पोथी आली, पण ती नव्हे. त्याच संग्रहात निबेलुंगेनलीडची दुसरी एक प्रत होती, आणि आली ती. आज आपण जिला ‘अ’ म्हणतो ती ही. बोडमरचा शिष्य क्रिस्टोफ हाइनरिख म्युलर याने 1782 मध्ये बर्लिनहून पहिलं संपूर्ण मुद्रण काढलं. त्यात पहिला भाग ‘अ’वरून घेतला आणि शेवटचा भाग बोडमरच्या जुन्या छापील पुस्तकावरून, म्हणजे ‘क’वरून. जगासमोर आलेलं पहिलं पूर्ण निबेलुंगेनलीड हे अशा दोन पोथ्यांना एकत्र शिवून झालं. वाचकाला तो सांधा कुठे आहे हे कळायचा मार्ग नव्हता. म्युलरने जुन्या काव्यांचा आपला संग्रह प्रशियाचा राजा फ्रीडरिख दुसरा याला पाठवला, तेव्हा राजाने 1784 मध्ये उत्तर दिलं की ही काव्यं बंदुकीच्या एका बाराच्या दारूच्याही किमतीची नाहीत. आपल्या संग्रहात तरी ती ठेवणार नाही, असंही कळवलं. ते पत्र झ्युरिकच्या ग्रंथालयात जपून ठेवलंय.

1806 मध्ये नेपोलियनने प्रशियाचा धुव्वा उडवला आणि हवा पालटली. हरलेल्या देशाला आपला होमर हवा होता. दुसऱ्याच वर्षी फ्रीडरिख हाइनरिख फॉन डेर हागेन याने काव्याची आधुनिक वळणाची आवृत्ती काढली. 1815 मध्ये तर सैनिकांच्या खिशात मावेल अशी छोटी आवृत्ती निघाली. ज्या काव्यात सगळे वीर एकमेकांना मारून संपतात ते रणांगणावर कशासाठी न्यायचं, हे मला आजवर उमगलेलं नाही. पण त्या उत्साहामुळे काव्याला विद्यापीठाची दारं उघडली, हेही तितकंच खरं.

लाखमानची निवड

इथे या प्रकरणाचा मुख्य माणूस येतो. कार्ल लाखमान, जन्म 1793, ब्राउनश्वाइग. लॅटिन-ग्रीकचा तयारीचा अभ्यासक. 1816 मध्ये त्याने निबेलुंगेन काव्याच्या मूळ रूपावर एक प्रबंध लिहिला. फ्रीडरिख आउगुस्ट वोल्फने होमरविषयी मांडलं होतं की इलियड ही अनेक छोट्या गीतांची जुळणी आहे. लाखमानने तेच इथे लावलं: निबेलुंगेन काव्य म्हणजे लोकांत फिरणारी सुटी गीतं, नंतर कुणीतरी एकत्र बांधलेली. अशी वीस गीतं त्याने वेगळी काढली. पुढे तर त्याला असंही दिसू लागलं की प्रत्येक अस्सल गीतातल्या कडव्यांची संख्या सातने भाग जाणारी आहे.

हा सिद्धांत आधी आला आणि पोथीची निवड नंतर, हे नीट लक्षात घेतलं पाहिजे. जर काव्य गीतांच्या भोवती वाढत वाढत मोठं झालं असेल, तर सर्वांत लहान पोथी मुळाच्या सर्वांत जवळ असणार. म्हणून 1826 मध्ये लाखमानने बर्लिनहून जी आवृत्ती काढली तिचा पाया ‘अ’ होता आणि नाव होतं ‘निबेलुंगांची नोट’. ‘ब’ आणि ‘क’ त्याच्या दृष्टीने क्रमाक्रमाने फुगवलेल्या प्रती होत्या.

पाठचिकित्सेत ‘लाखमानची पद्धत’ म्हणून जे शिकवतात ते हे नव्हे. ती पद्धत म्हणते: सगळ्या पोथ्या जमवा, समान चुका शोधा, त्यांवरून वंशवृक्ष मांडा, मग हरवलेल्या मुळाकडे चढत जा. लुक्रेशियसच्या 1850 च्या आवृत्तीमुळे ती त्याच्या नावाशी जोडली गेली. पण स्वतःच्या भाषेतल्या सर्वांत मोठ्या काव्यापाशी त्याने वंशवृक्ष मांडला नाही. एक पोथी निवडली आणि तिला धरून राहिला. माझ्या मते हीच त्याच्या कामातली खरी फट आहे. पद्धत काटेकोर होती, पण जिथे मनात उत्तर आधीच ठरलेलं होतं तिथे ती वापरलीच गेली नाही.

तरी त्याचं ऋण मोठं आहे. त्याच्या आधी जुनं जर्मन छापताना संपादक मनाला येईल तसं लिहीत. 1826 ते 1833 या सात वर्षांत लाखमानने निबेलुंगेन, बेनेकेबरोबर हार्टमानचं ‘इवाइन’, वाल्टरची कविता आणि वोल्फ्रामची काव्यं (हे तिघेही मध्ययुगीन जर्मन कवी) संपादित केली. या आवृत्त्यांनी जुन्या जर्मन मजकुराला ग्रीक-लॅटिन ग्रंथांचा मान दिला. सोबत एक नवी सवयही लागली. दरबारी कवींची भाषा सगळीकडे एकसारखी होती असं गृहीत धरून त्याने शुद्धलेखन एकसाची केलं, दीर्घ स्वरांवर छोटं छप्पर बसवलं. तेराव्या शतकातल्या लेखनिकांनी अशा शिस्तीने कधी लिहिलंच नाही. आज जर्मनीतला विद्यार्थी शब्दकोशात जे मध्ययुगीन जर्मन पाहतो, त्याचं नीटनेटकं रूप बरंचसं एकोणिसाव्या शतकातल्या बर्लिनने घडवलेलं आहे.

वाद पेटतो

लाखमान 1851 मध्ये वारला. त्याच वर्षी अकादमीत त्याच्यावरचं स्मृतिभाषण याकोब ग्रिमने केलं. मित्राचं कौतुक करतानाही निबेलुंगेनविषयीचं मत आपल्याला पटत नाही, हे त्याने लपवलं नाही. तीन वर्षांनी, 1854 मध्ये, हायडेलबर्गचा आडोल्फ होल्ट्समान आणि लाइपझिगचा फ्रीडरिख त्सार्नके या दोघांनी वेगवेगळं लिहून सांगितलं की ‘अ’ ही जुनी नाहीच, ती निष्काळजीपणे उतरवलेली नक्कल आहे, आणि मुळाच्या जवळ आहे ती ‘क’. लाखमानच्या बाजूने कार्ल म्युलेनहोफ त्वेषाने उतरला. हा वाद पुढे ‘निबेलुंगेन-भांडण’ म्हणूनच ओळखला गेला.

भांडणाने प्रकाशनाचे दोन तट केले. लाखमानचा मित्र मोरित्स हाउप्ट याने 1841 मध्ये सुरू केलेलं जर्मन प्राचीनतेचं नियतकालिक हा एक गड. फ्रान्त्स प्फायफरने 1856 मध्ये ‘गेर्मानिया’ काढलं, तो दुसरा. कोण कोणत्या पोथीच्या बाजूचा यावरून त्याचा गुरू कोण हे ओळखता यावं, इतकं ते टोकाला गेलं. माणसं पोथीच्या नावाने भांडत होती, पण खरी निष्ठा गुरूंवर होती. आपल्याकडच्या कुठल्याही पाठभेदाच्या वादाची ज्याला कल्पना आहे, त्याला यात परकं काही वाटणार नाही.

‘क’च्या वकिलांची अडचण समजायला एक जंगल पुरेसं आहे. ‘अ’ आणि ‘ब’मध्ये सीगफ्रीडची शेवटची शिकार वास्केनवाल्डात होते, म्हणजे वोज पर्वताच्या रानात. पण कथेप्रमाणे वोर्म्सहून शिकारी ऱ्हाईन ओलांडून जातात, आणि वोज तर वोर्म्सच्याच काठाला, पश्चिमेला आहे. ‘क’मध्ये त्या जागी ओडेनवाल्ड आहे, नदीपलीकडचं, भूगोलात अचूक बसणारं. शिवाय ज्या झऱ्यावर खून झाला तो ओडेनहाइम गावापाशी आहे, हेही ‘क’ सांगते. वाचकाला ‘क’ बरोबर वाटेल. संपादकाला नेमका उलट संशय येतो. बरोबर लिहिलेलं ‘ओडेनवाल्ड’ बिघडवून कुणी ‘वास्केनवाल्ड’ का करेल? चूक पाहून ती दुरुस्त करणारा शहाणा माणूस मात्र सहज कल्पिता येतो. सीगफ्रीडचं शव लॉर्शच्या मठात हलवल्याची कडवीही ‘क’मध्येच आहेत. ‘क’च्या मागे कुणी विचारी, भूगोल जाणणारा, नैतिक बाबतीत आग्रही असा पुनर्लेखक उभा आहे. ती जुनी आहे, पण मुळाच्या जवळ नाही. लेखनकाळ पाहिला तर तिघींत ती बहुधा सर्वांत आधीची, आणि लाखमानची लाडकी ‘अ’ सर्वांत उशिराची.

मग ‘ब’ जिंकली कशी? कार्ल बार्चने 1866 मध्ये ‘ब’वर आधारलेली आवृत्ती काढली आणि 1870 ते 1880 मध्ये सर्व पाठभेदांसह मोठी आवृत्ती दिली. त्याची कारणमीमांसाही आज कुणी मानत नाही. बाराव्या शतकाच्या मध्यावर एक कच्च्या यमकांचं हरवलेलं मूळ होतं आणि ‘ब’ व ‘क’ ही त्याची दोन स्वतंत्र पुनर्लेखनं, असं तो म्हणे. 1900 मध्ये विल्हेल्म ब्राउनेने पोथ्यांचा सविस्तर वंशवृक्ष मांडला आणि वेगळ्याच कारणांनी ‘ब’लाच मान दिला. पुढे हेल्मुट डे बोरने बार्चचीच आवृत्ती सुधारून पिढ्यान्‌पिढ्यांच्या हाती दिली. ‘ब’ पूर्ण आहे, देखणी आहे, जाणत्या लेखनिकांनी लिहिलेली आहे, त्याच पोथीत वोल्फ्रामचं ‘पार्त्सिफाल’ही आहे. चुकीच्या सिद्धांतातून आलेली ही निवड व्यवहारात टिकली, कारण वाचायला ती खरंच चांगली पोथी आहे.

1963 मध्ये हेल्मुट ब्राकर्टने ब्राउनेचा वंशवृक्ष मुळापासून तपासला आणि तो उभा राहत नाही हे दाखवलं. पोथ्या एकमेकींत मिसळलेल्या आहेत. उतरवणाऱ्यांना कथा तोंडी परंपरेतूनही माहीत होती, आणि लिहिताना ते त्या आठवणीतलं काही घालत होते. सगळ्यांचा एकच बाप शोधत वर चढायला जावं, तर वाट मधेच नाहीशी होते. पद्धत चुकली म्हणून हे झालेलं नाही, काव्यच तसं आहे. 1971 मध्ये मायकेल बॅट्सने ट्यूबिंगेनच्या निमायर प्रकाशनाकडून ‘अ’, ‘ब’, ‘क’ तिन्ही शेजारी शेजारी छापल्या आणि बाकीच्या पोथ्यांचे पाठभेदही दिले. जाडजूड, महाग, वाचायला अवघड पुस्तक. तरी मला हे पुस्तक या सगळ्या प्रकरणातली सर्वांत प्रामाणिक कृती वाटते. 1782 मध्ये जो सांधा वाचकापासून झाकला गेला होता, तो बॅट्सने उघडा करून समोर ठेवला.

बर्लिनहून पुण्याला

महाभारताची चिकित्सक आवृत्ती व्हावी ही मागणी मोरित्स विंटरनित्स याने 1897 मध्ये पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत केली. बर्लिनच्या हाइनरिख ल्युडर्सने 1908 मध्ये आदिपर्वाच्या आरंभाचा एक नमुनाही छापला. पहिल्या महायुद्धात ती युरोपीय योजना विझली, आणि 1919 मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने काम हाती घेतलं. 1925 पासून त्याची धुरा विष्णु सीताराम सुकथनकर यांच्याकडे होती. सुकथनकरांनी डॉक्टरेट केली ती बर्लिनमध्ये, ल्युडर्स यांच्याच हाताखाली, ज्या शहरात लाखमानने शतकभर आधी निबेलुंगेन शिकवलं होतं.

1933 मध्ये आदिपर्वाच्या पूर्ण खंडाला जोडलेली त्यांची प्रस्तावना वाचताना जर्मन प्रकरण आठवत राहतं. लाखमानसारखाच त्यांचाही कल संक्षिप्त पाठाकडे, शारदा लिपीतल्या काश्मिरी परंपरेकडे होता. पण लांबी हा त्यांचा पुरावा नव्हता. एकमेकींपासून दूर गेलेल्या उत्तर आणि दक्षिण परंपरा जिथे जुळतात तिथला पाठ जुना, हा त्यांचा आधार होता. आणि महाभारत हे कधीच एका गोठलेल्या रूपात नव्हतं, ते वाहतं राहिलेलं आहे, हे त्यांनी पहिल्याच खंडात स्वच्छ सांगून टाकलं. जर्मनांना निबेलुंगेनच्या बाबतीत हे पचवायला ब्राकर्टपर्यंत थांबावं लागलं. सुकथनकरांनी मूळ संहितेबाहेर ठेवलेला एकही श्लोक फेकला नाही. तारांकित ओळी पानाखाली, लांब भाग परिशिष्टात, प्रत्येकापुढे कोणत्या पोथीत आहे याची खूण. गणपती व्यासांचा लेखक झाला ही सगळ्यांच्या ओठावरची कथा तुम्हाला तिथे संहितेत मिळणार नाही, पण पुस्तकात मिळेल. सुकथनकर 1943 मध्ये गेले. काम 1966 मध्ये पूर्ण झालं.

‘क’चंही पुढे बरंच फिरणं झालं. योसेफ फॉन लासबेर्ग या पोथीवेड्या सरदाराने ती विकत घेतली, त्याच्याकडून ती डोनाउएशिंगेनच्या राजघराण्याच्या ग्रंथालयात गेली, आणि 2001 मध्ये सार्वजनिक पैशाच्या मदतीने विकत घेतली जाऊन कार्ल्सरूहच्या राज्य ग्रंथालयात आली. 2009 मध्ये युनेस्कोने ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ तिन्ही एकत्रच जागतिक स्मृतीच्या यादीत घेतल्या. कोणतीही एक निवडली नाही.

जर्मन शाळेत शिकलेल्या कुणालाही काव्याची पहिली ओळ विचारा: जुन्या कथांतून आम्हाला पुष्कळ नवलं सांगितली गेली आहेत, हे कडवं तो तोंडपाठ म्हणेल. बार्चच्या आणि डे बोरच्या ‘ब’वर आधारलेल्या आवृत्तीतही ते पहिल्या क्रमांकाने छापलेलं आहे. झांक्ट गालेनच्या मठग्रंथालयाने ती पोथी, क्रमांक 857, संगणकावर सर्वांसाठी खुली ठेवली आहे. काव्याचं पहिलं पान काढून पाहा. ते कडवं तिथे नाही. ‘अ’ आणि ‘क’मधून आणून ते वर बसवलेलं आहे. ‘ब’ सुरू होते ती एका मुलीपासून: बुर्गुंडात एक अतिशय थोर कन्या वाढत होती.